चाळीस वर्षांचं विमान, पंखातला तडा आणि सक्तीची तपासणी

सिंहगड रोडवर राहणाऱ्या एका गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. त्यांची मुलगी बारामतीला कमर्शियल पायलटचं प्रशिक्षण घेते. ती नेहमी उडवते ते सेसना विमान दहा दिवस हँगरमध्ये उभं आहे. 'क्रॅकची तपासणी चालू आहे' एवढंच तिला सांगितलं गेलं. विमान १९८०च्या आसपासचं. वडिलांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. इतकं जुनं विमान मुलांच्या हातात देतातच कसं? तडा डोळ्यांना दिसत नसेल तर तो सापडतो कसा? आणि मुलीला तिथे ठेवायचं की काढायचं?

मी परवानाधारक विमान देखभाल अभियंता आहे आणि बरीच वर्षं लहान पिस्टन विमानांवर काम करते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे जिवाला घोर लागून राहणार नाही. तपासणीसाठी विमान खाली ठेवलंय, ही चांगली खूण आहे. घाबरायचं ते तपासणीचे तास उलटून गेले तरी उडत राहिलेल्या विमानाला.

आता जुनेपणाबद्दल. सेसना १५२ हे विमान १९७७ ते १९८५ या काळात बनलं, आणि जगभरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये ते अजून उडतंय. लहान विमानाचं इंजिन साधारण दोन हजार तासांनी पूर्ण उघडून ओव्हरहॉल होतं. टायर, ब्रेक, केबल, होज हे सगळं बदलत राहतं. बदलत नाही तो सांगाडा. पंखाच्या आतला मुख्य दांडा, म्हणजे स्पार, कारखान्यातून आला तोच असतो. म्हणून जुन्या विमानाबद्दलची खरी चर्चा सांगाड्याची असते. त्यातही एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते. ही विमानं अमेरिकेच्या ज्या जुन्या नियमांखाली प्रमाणित झाली, त्यात पंख वजन पेलेल का हे तपासलं जायचं. हजारो वेळा पेलल्यावर त्याचं काय होईल, हे तपासायची सक्ती नव्हती. शिवाय चाळीस वर्षं शिकाऊ मुलांच्या हाताखाली ही विमानं चालतील, असं तेव्हा कुणी गृहीतही धरलं नव्हतं. सक्तीच्या तपासण्या ही उणीव भरून काढतात.

हवेत गेल्यावर सगळ्या विमानाचा भार पंखावर येतो, पंख वर वाकू पाहतो आणि स्पारची खालची बाजू ताणली जाते. उतरलं की ताण जातो. पुन्हा उडालं की पुन्हा येतो. शिकाऊ उड्डाणात हे चक्र फार लवकर लवकर फिरतं, कारण एका तासात सहा-सात वेळा टच-अँड-गो, म्हणजे टेकून लगेच पुन्हा उडणं, होतात. त्यात उन्हाळ्याची दुपार धरा. एप्रिलमध्ये दोन वाजता बारामती-फलटण पट्ट्यावरून कमी उंचीवर उडालेल्या कुणालाही विचारा, तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा विमानाला कशी उचलून आपटते ते. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते बहुधा टिकतं. विमानात वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी ठाम मर्यादा नाही. लहान ताणही साठत जातो.

तडा सहसा भोकाच्या कडेला सुरू होतो. सपाट पत्र्यात गोल भोक असेल तर भोकाच्या काठावरचा ताण बाकी पत्र्याच्या जवळजवळ तिप्पट असतो. एकदा बारीक तडा पडला की त्याच्या टोकाशी ताण आणखी एकवटतो. लक्ष्मी रोडवरचा कापडवाला कात्रीने कडेला छोटासा काप देतो आणि मग हाताच्या एका झटक्यात सरळ फाडतो, तसंच हे आहे. फरक इतकाच की धातूत तो काप वर्षानुवर्षं मिलिमीटरच्या अंशाने पुढे सरकत असतो, आणि झटका एकदम शेवटी बसतो. सुरुवातीचा बराच काळ वाढ अतिशय संथ असते. हा संथ काळ हेच आमचं भांडवल आहे. तपासणी त्याच काळात झाली पाहिजे.

हे प्रत्यक्षात कसं घडतं त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण शिकाऊ विमानाचंच आहे. ४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोना बीचजवळ एका विमान विद्यापीठाच्या पायपर पीए-२८ विमानाचा डावा पंख उड्डाणानंतर थोड्याच वेळात तुटून वेगळा झाला. शिकणारा पायलट आणि परीक्षक, दोघेही गेले. विमानाचे तास साडेसात हजारांच्या वर होते, पण वयाने ते जुनं नव्हतं. देखभालीत ढिलाई करणारी ही संस्थाही नव्हती. तडा होता स्पारच्या खालच्या पट्टीत, पंख धडाला जोडणाऱ्या बोल्टच्या भोकात. बोल्ट जागेवर असताना तो भाग झाकलेला असतो. रोज सकाळी विमानाभोवती फेरी मारणाऱ्या विद्यार्थ्याला तो दिसणं शक्यच नव्हतं. नेहमीच्या शंभर तासांच्या तपासणीतही दिसला नसता, कारण त्या तपासणीत पंखाचे बोल्ट काढत नाहीत.

याच कुळातल्या विमानाचा पंख १९८७ मध्ये टेक्सासमध्येही असाच तुटला होता. ते विमान पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी कमी उंचीवर उडत असे. तेव्हाही तपासणीची सक्ती झाली, पण तपासलेल्या विमानांत तडे फारसे सापडले नाहीत म्हणून पुढे ती मागे घेतली गेली. माझ्या मते इथे सरासरीने फसवलं. हौसेने रविवारी उडणारी विमानं संख्येने भरपूर, आणि दिवसभर राबणारी थोडी. सगळ्यांची एकत्र मोजदाद केली की धोका कागदावर विरघळून जातो.

दुसऱ्या वेळी हा धडा घेतला गेला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान नियामकाने, काढलेला डायरेक्टिव्ह, म्हणजे सक्तीचा आदेश, २०२१च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्यात नुसते एकूण तास मोजत नाहीत, 'फॅक्टर्ड सर्व्हिस अवर्स' काढतात. अमेरिकेत पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या किंवा प्रशिक्षणाच्या विमानाला दर शंभर तासांनी तपासणी सक्तीची असते. म्हणजे अशा तपासण्या जितक्या, तितके शंभर-शंभर तास विमान राबलं. त्या तपासण्यांची संख्या गुणिले शंभर, हे तास पूर्ण धरायचे. उरलेल्या तासांना सतराने भागायचं. दोन्हींची बेरीज ५,००० झाली की त्या बोल्टच्या भोकांची एडी करंट तपासणी (ती कशी करतात ते पुढे सांगते) करावीच लागते. समजा, दोन विमानं आहेत, दोन्हीचे तास आठ हजार. एक शाळेतलं, त्याच्या ७५ तपासण्या झालेल्या. त्याचा आकडा होतो ७,५०० अधिक ५०० भागिले १७, म्हणजे सुमारे ७,५२९. दुसरं कायम खासगी वापरातलं, एकही अशी तपासणी नाही. त्याचा आकडा सुमारे ४७१. मीटर सारखा, पण स्पारचं आयुष्य किती वेगळं!

त्याच डायरेक्टिव्हमध्ये आणखी एक कलम आहे. ज्या विमानाची लॉगबुकं हरवली आहेत किंवा अर्धवट आहेत, ते विमानही तपासणीच्या कक्षेत येतं. कागद नसेल तर विमान संशयित धरायचं. मला हे शंभर टक्के पटतं. वापरलेलं विमान विकत घेताना रंगकाम आणि नवे रेडिओ बघणारे लोक लॉगबुकातल्या दोन-तीन वर्षांच्या रिकाम्या जागेकडे काणाडोळा करतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

हा डायरेक्टिव्ह म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. विमान ज्या देशात डिझाइन झालं, तिथला नियामक एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह काढतो. सेसना आणि पायपरसाठी अमेरिकेचा एफएए, टेकनॅमसाठी युरोपचा ईएएसए. भारतात नोंदलेल्या विमानाला तो आपल्या नियामकाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांनुसार बंधनकारक होतो. विमान बनवणारी कंपनी सर्व्हिस बुलेटिन काढते, ती तिची शिफारस असते. नियामकाने डायरेक्टिव्ह काढला की पर्याय उरत नाही: ठरलेल्या तासांत किंवा तारखेच्या आत काम झालं नाही तर विमान उडण्यायोग्य नाही, मग त्याचं इंजिन घड्याळासारखं चालत का असेना. साध्या देखभालीच्या वेळापत्रकात काही वेळा थोडी सवलत मिळते. डायरेक्टिव्हला ती आपोआप लागू होत नाही. दरवर्षी एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट, म्हणजे विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला, देताना कोणते डायरेक्टिव्ह लागू, कोणते पूर्ण, कोणते पुढे कधी, ही यादी तपासली जाते.

सेसनाच्या या घराण्यात पंख स्ट्रटच्या, म्हणजे धडापासून पंखाला जाणाऱ्या तिरक्या दांड्याच्या, आधाराने असतो, त्यामुळे नजर ठेवायच्या जागाही वेगळ्या. स्ट्रट जिथे धडाला मिळतो त्या दाराच्या चौकटीचा खालचा भाग, शेपटीची उभी फिन जिथे बसते ते ब्रॅकेट, पुढच्या चाकाभोवतीचा फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा. मोठ्या सेसना २१० च्या नंतरच्या मॉडेलांना स्ट्रटच नसतो. तिथे दोन्ही पंखांचा भार धडातून आरपार जाणाऱ्या एका स्पारवर असतो. मे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ सर्व्हेचं काम करणाऱ्या अशाच विमानाचा पंख तुटला आणि दोघांचा जीव गेला. तिथे तडा सुरू झाला होता गंजाच्या टाचणीएवढ्या खड्ड्यातून. आपल्याकडे चार महिने पावसाळा. ज्या शाळेची विमानं आडोशाविना भिजत उभी असतात, तिथे ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आता न दिसणारा तडा सापडतो कसा, ते सांगते.

पुण्यात भोसरी-चाकणला काम केलेल्यांना मॅग्नाफ्लक्स ठाऊक असतो. क्रँकशाफ्टला चुंबकत्व द्यायचं, लोखंडी कणांचं द्रावण सोडायचं, तडा असेल तिथे कण गोळा होतात. विमानाच्या स्टीलच्या भागांना आम्हीही तेच करतो: इंजिन माउंटचे वेल्ड, ॲक्सल. पण स्पार ॲल्युमिनियमचा आहे, त्याला चुंबकत्व लागत नाही. तिथे दुसरे मार्ग.

पहिला डाय पेनिट्रंट, म्हणजे डीपी. भाग स्वच्छ करायचा, लाल द्रव लावायचा, तो केशिकेसारखा तड्यात शिरेपर्यंत थांबायचं, वरचा पुसून घ्यायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. तड्यातला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. ऐकायला सोपं आहे, पण सगळी गोम तयारीत आहे. रंग काढायला कुणी सँडपेपर किंवा वायर ब्रश घासला तर मऊ ॲल्युमिनियम सरकून तड्याचं तोंडच बुजतं, आणि मग तपासणी 'निर्दोष' निघते. रंग केमिकलनेच उतरवायचा. जास्तीचा लाल द्रव पुसताना सॉल्व्हंट थेट भागावर मारायचा नाही, नाहीतर तड्यातलाही धुऊन जातो. कापड किंचित ओलसर करून पुसायचं. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या विमानावर हे काम करायचं नाही. या द्रवांना ठरलेली तापमानमर्यादा असते, साधारण ५२ अंशांपर्यंत, आणि उन्हातला पत्रा ती सहज ओलांडतो.

दुसरा मार्ग एडी करंट, बोल्टच्या भोकासाठी हाच. आधी पंखाला खालून आधार द्यायचा, म्हणजे बोल्टवर भार राहत नाही. बोल्ट ठोकून काढला आणि भोकात ओरखडा पडला, तर तपासणीनेच नव्या तड्याला जागा करून दिली असं होईल. ही भीती पायपरच्या डायरेक्टिव्हवर चर्चा झाली तेव्हाही मांडली गेली होती, आणि ती रास्त आहे. भोक साफ झालं की पेनसारखा प्रोब आत जातो. त्याच्या टोकाला बारीक तारेची कॉइल असते. कॉइलमधल्या उच्च वारंवारितेच्या करंटमुळे समोरच्या धातूत भोवऱ्यासारखे करंट फिरतात. मध्ये तडा आला की त्यांना वळसा घ्यावा लागतो आणि तो बदल कॉइलला जाणवतो. पण त्याआधी कॅलिब्रेशन. त्याच मिश्रधातूच्या ठोकळ्यात तशाच व्यासाचं भोक असतं आणि त्यात स्पार्क इरोजनने मुद्दाम कापलेली ठरावीक खोलीची खाच. प्रोब त्या खाचेवरून गेला की स्क्रीनवरचा ठिपका किती आणि कुठल्या दिशेने उसळतो, ते लावून घ्यायचं. प्रोब नुसता हलला तर ठिपका आडवा सरकतो, तड्यावर तो उभा झेपावतो. मग खऱ्या भोकात प्रोब हळूहळू पूर्ण फिरवायचा, थोडा आत सरकवायचा, पुन्हा फिरवायचा. एका भोकाला घाई केली तर पाच मिनिटं, नीट केलं तर बराच वेळ. हे काम यासाठीच प्रमाणित झालेल्या माणसाने करायचं असतं. माझ्याकडे लायसन्स आहे म्हणून मी प्रोब हातात घेऊन निकाल देऊ शकत नाही, आणि ते योग्यच आहे.

इतकं करूनही कुठलीही तपासणी शंभर टक्के पकडत नाही. या क्षेत्रात एखाद्या पद्धतीचा दर्जा ठरवतानाच 'अमुक लांबीचे तडे ९० टक्के वेळा सापडतील, याची ९५ टक्के खात्री' अशी भाषा असते. म्हणून सुरक्षितता एका तपासणीवर टांगलेली नसते, दोन तपासण्यांमधल्या अंतरावर असते. समजा, सापडण्याएवढा झालेला तडा धोकादायक व्हायला दीड हजार तास लागतात. मग तपासणी पाचशे तासांनी ठेवायची, म्हणजे एकदा निसटला तरी पुन्हा गाठण्याची संधी मिळते. कुणी 'जाऊ दे, अजून दोनशे तास उडवू' म्हटलं की त्याने ही राखीव संधीच खर्च केलेली असते. पंख त्या दिवशी तुटत नाही, त्यामुळे आपलं काही चुकलं असं त्याला वाटतही नाही. माझा या बाबतीतला हट्ट लोकांना जाचक वाटतो. वाटू दे.

उपकरणांच्या पलीकडे, रोजच्या फेरीत तुमच्या मुलीलाही दिसू शकतील अशा काही खुणा आहेत. रिव्हेटच्या डोक्यामागे वाऱ्याच्या दिशेने काळपट राखाडी धुरासारखी रेघ दिसली तर तो रिव्हेट सैल होऊन घासतोय. ॲल्युमिनियमची बारीक पूड तेलकट ओलाव्यात मिसळून अशी दिसते. पंखाखाली निळसर डाग म्हणजे ॲवगॅसची, विमानाच्या पेट्रोलची, गळती, कारण १००एलएल इंधनाला निळा रंग दिलेला असतो. ती पुसून सोडून देऊ नये. १९ डिसेंबर २००५ रोजी मायामीत ग्रुमन मॅलार्ड या जुन्या सीप्लेनचा उजवा पंख उड्डाणानंतर लगेच तुटला आणि विमानातले वीसच्या वीस जण गेले. त्या पंखात इंधनगळती वारंवार होत होती, वारंवार बुजवली जात होती. टाकी पंखाच्याच सांगाड्यात होती, आणि गळती आतला तडा दाखवत होती.

ग्लायडरवाल्यांना हा विषय वेगळा समजवावा लागत नाही. जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात एल-१३ ब्लानिक ग्लायडरचा पंख हवेत तुटला, त्यानंतर जगभरची ब्लानिक खाली बसवली गेली. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ग्लायडिंग शिकलेली कितीतरी माणसं पुण्यात आहेत. त्यांच्याशी बोला, इंजिन नसलेल्या विमानालाही तास आणि लाँच का मोजावे लागतात ते छान सांगतील.

आता मुलीसाठी एक कळकळीची गोष्ट. विमान दणकन उतरलं, नाकावर आदळलं, टप्पे खात गेलं, तर ते लिहून द्यायला सांगा. मुलं घाबरतात. इन्स्ट्रक्टर ओरडेल, सोलो, म्हणजे एकट्याने उडणं, लांबेल, मित्र हसतील. पण हार्ड लँडिंगची वेगळी तपासणी असते: फायरवॉल सुरकुतलाय का, लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्याच्या, मुळाशी रिव्हेट हललेत का, स्ट्रटच्या जोडाशी रंगाला चीर गेली आहे का. लँडिंग नोंदलं तर या जागा त्याच दिवशी बघितल्या जातात. लपवलं तर पुढचा विद्यार्थी त्याच विमानात बसतो. ज्या शाळेत हार्ड लँडिंग सांगणाऱ्याला शिक्षा होते, त्या शाळेच्या लॉगबुकावर माझा विश्वास नाही.

प्रत्येक तडा म्हणजे संकट, असंही नाही. काउलिंग (इंजिनावरचं आवरण), फेअरिंग (जोड झाकणारं आवरण), पंखाच्या टोकाचं प्लास्टिक अशा भार न उचलणाऱ्या भागांत तडे नेहमी येतात. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर तड्याच्या टोकाशी साधारण तीन मिलिमीटरचं भोक पाडतात, म्हणजे तिथला ताण पसरतो आणि वाढ थांबते. विद्यार्थ्यांना ती भोकं दिसतात आणि त्यांना धडकी भरते. त्याची काळजी नको. स्पारचं गणित निराळं: पायपरच्या त्या डायरेक्टिव्हनुसार भोकात तडा सापडला तर दुरुस्ती नाही, स्पारच बदलायचा.

दहा दिवस का लागतात, असंही मनात येईल. एनडीटीचा, म्हणजे भाग न मोडता आतले दोष तपासण्याच्या कामाचा, प्रमाणित माणूस आणि उपकरण सहसा शाळेचं स्वतःचं नसतं, बाहेरून येतं. तो यायचा, भाग उघडायचे, काढलेले बोल्ट-नट मॅन्युअलप्रमाणे नवे लागले तर परदेशातून मागवायचे, ठरलेल्या टॉर्कला बसवायचे, नोंदी करून सही करायची. दहा दिवस अजिबात जास्त नाहीत. उलट दुसऱ्याच दिवशी विमान बाहेर आलं असतं तर मी चार प्रश्न विचारले असते.

तुम्ही शाळेत जाऊन शांतपणे विचारा: ही तपासणी डायरेक्टिव्हची आहे की बुलेटिनची, कुठल्या भागाची, कुठल्या पद्धतीने, आणि पुढची किती तासांनी. ही माहिती कुणाही देखभाल प्रमुखाला तोंडपाठ किंवा दोन मिनिटांत फाइलमध्ये असते. विमान परत आलं की मुलीने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, रिलीज सर्टिफिकेटची (काम पूर्ण करून विमान उडायला सोडल्याची) नोंद, तारीख, तास आणि सही स्वतः वाचावी. उड्डाणाआधी ते वाचणं हे पायलटचं कामच आहे. उत्तरं नीट मिळाली तर तिला तिथेच शिकू द्या. 'तुम्हाला काय करायचंय, आम्ही बघतो' असं ऐकायला मिळालं, किंवा टेक लॉग दाखवायला टाळाटाळ झाली, तर भरलेल्या फीकडे न बघता दुसरी शाळा शोधा.